पाटणची हरित तारा: मेणापासून बुडाच्या पत्र्यापर्यंत (प्रकल्प नोंदी)

१२ नोव्हेंबर

तिहार (नेपाळातली दिवाळी) संपला, काठमांडूला लागून असलेल्या पाटणमधले कारखाने परत सुरू झाले, म्हणजे आता आपलंही काम सुरू. ठरलंय ते साधं आहे. एकच मूर्ती धरायची आणि ती मेणाच्या गोळ्यापासून ते बुडाला पत्रा बसेपर्यंत ज्या ज्या घरात जाईल तिथे तिथे तिच्या मागोमाग जायचं, बघायचं, विचारायचं, लिहून काढायचं. मूर्ती आहे हरित तारा या बौद्ध देवीची, साधारण फूटभर उंच, तांब्याची, आणि ऑर्डर काठमांडूतल्या बौद्ध नावाच्या वस्तीतल्या एका गुंबाची, म्हणजे तिबेटी मठाची आहे.

सगळं काम ओकु बहालच्या (बहाल म्हणजे काठमांडू खोऱ्यातल्या नेवार लोकांचा बौद्ध विहार) आसपास, महाबौद्धच्या विटांच्या देवळापासून दोन मिनिटांवर. इथे पिढ्यानपिढ्या शाक्य घराणी हेच करतात. बाहेरून बघितलं तर नुसती दुकानं दिसतात, काचेमागे सोनेरी मूर्तींच्या रांगा, पण आत बोळात शिरलं की तळमजल्यावर ठोकण्याचा आवाज, कुठे धूर, कुठे गच्चीत वाळत घातलेले मातीचे साचे. मला आधी वाटायचं की एक मूर्तिकार एक मूर्ती करतो, तर तसं मुळीच नाहीये. मेणकाम एका घरात, माती आणि ओतकाम दुसऱ्या घरात, छिन्नीकाम तिसरीकडे, सोन्याचा मुलामा चौथीकडे, आणि चेहरा रंगवणारे वेगळेच. मूर्तीवर सही कुणाचीच नसते. या नोंदी लिहिण्यामागचं खरं कारण तेच आहे, की एवढे हात लागतात आणि विकत घेणाऱ्याला त्यातला एकही दिसत नाही.

मेणकाम करणाऱ्यांना मी दाइ म्हणते, म्हणजे थोरला भाऊ, ते मला बहिनी, म्हणजे धाकटी बहीण. इथे कुणाचंच नाव लिहिणार नाही, तसं त्यांच्याशी बोलणं झालंय.

१५ नोव्हेंबर

आज मेण. नुसतं मधमाशीचं मेण चालत नाही, त्यात राळ घालतात आणि थोडं तूप. राळेने कडकपणा येतो, तुपाने मऊपणा, आणि प्रमाण ऋतूप्रमाणे बदलतं, उन्हाळ्यात राळ जास्त कारण नाहीतर बोटं वाकतात, थंडीत तूप जास्त कारण नाहीतर मेणाचे तुकडे पडतात. आता थंडी सुरू झालीय त्यामुळे दाइंनी तुपाचा हात जरा सैल सोडला. वितळवून कापडातून गाळलं, खाली गार पाण्याचं भांडं, त्यात पडलं की लगेच घट्ट. मग हाताने मळायचं. मळताना दाइ एक पातळ पट्टी काढतात, बोटाभोवती गुंडाळतात, परत उलगडतात. चीर पडली तर अजून तूप, बोटाला चिकटली तर अजून राळ. वजनकाटा बाजूलाच ठेवलेला होता पण मिश्रणासाठी त्याला हातही लावला नाही.

मेणाची जाडी हाच पुढे धातूचा पत्रा होणार आहे हे डोक्यात पक्कं बसवायला हवं. मूर्ती आतून पोकळ असते. मेण दोन-तीन मिलिमीटर असेल तर तांबंही तेवढंच. कुठे फार पातळ राहिलं तर तिथे तांबं पोचणारच नाही, कुठे जाड झालं तर गार होताना आक्रसून खड्डा पडेल. म्हणून दाइ मेणाची पोळी उजेडासमोर धरून बघतात, सगळीकडे सारखी पिवळी दिसली पाहिजे.

२१ नोव्हेंबर

तारा आकाराला येतेय. धड, डोकं, हात, पाय, कमळासन सगळं सुटं करतात आणि मग गरम सळीने जोडतात. कोरायला लाकडाची आणि म्हशीच्या शिंगाची हत्यारं, चमच्याच्या दांड्यासारखी चपटी. सारखी पाण्यात बुडवायची म्हणजे मेण चिकटत नाही.

मापं कुणाच्या मनाची नसतात. ताल हे माप, एक ताल म्हणजे १२ अंगुळं, आणि दाइ तारेला नवताल धरतात म्हणजे पूर्ण उंची १०८ अंगुळं, त्यातून बसलेल्या मूर्तीचा हिशोब काढायचा. अंगुळ म्हणजे आपल्या बोटाची रुंदी नव्हे, त्या त्या मूर्तीचं स्वतःचं अंगुळ. दाइंकडे बांबूची एक कामटी आहे, तिच्यावर या मूर्तीपुरत्या खुणा केल्यात, कपाळ ते हनुवटी, हनुवटी ते छाती, छाती ते बेंबी, सगळं त्या कामटीने ताडून बघतात. आज खांदा जरासा रुंद वाटला मला, बोलले तसं, त्यांनी कामटी लावून दाखवली, बरोबर होता. हात अजून बसवले नव्हते म्हणून तसं दिसत होतं.

हरित तारा ओळखायची कशी तर उजवा पाय पुढे सोडलेला, छोट्या कमळावर टेकलेला, डावा दुमडलेला. उजवा हात गुडघ्यावर, तळवा बाहेर, वरदान देणारा. डावा हात छातीशी, त्यात निळ्या कमळाचा देठ आणि फूल खांद्याजवळ. श्वेत तारा वेगळी, ती दोन्ही पाय दुमडून बसते आणि तिला सात डोळे, चेहऱ्यावर तीन, तळहातांवर दोन, तळपायांवर दोन. तो पुढे सोडलेला पाय मला फार आवडतो, ती कधीही उठून येईल मदतीला, असा अर्थ सांगतात त्याचा, आणि मेणात ते दिसायला हवं असेल तर घोट्याशी किंचित ताण हवा. दाइंनी तो पाय तीनदा तोडून परत लावला.

नेपाळचं आणि हरित तारेचं नातं तर जुनंच आहे. सातव्या शतकातला तिबेटचा राजा स्रोङचन गम्पो, त्याची नेपाळी राणी भृकुटी, तिला हरित तारेचं रूप मानतात.

२९ नोव्हेंबर

मेणाची मूर्ती पूर्ण. दागिने, मुकुटाची पानं, पाठीवरच्या बटा, सगळं मेणाच्या धाग्यांनी आणि टिकल्यांनी. कमळाची फुलं देठासकट वेगळी ओतणार आणि नंतर बसवणार. बुडाला धातू आत जायला आणि हवा बाहेर पडायला मेणाच्याच नळ्या लावल्या.

मग वजन. इथे मात्र काटा लागतोच. नळ्यांसकट मेण अर्ध्या किलोच्या आसपास भरलं आणि दाइंनी भिंतीवर पेन्सिलीने आकडा लिहून ठेवला. तांबं मेणाच्या साधारण नऊ पट जड, वर थोडं जास्त धरायचं म्हणून दहा पट घेतात. म्हणजे पाच किलो. ओतताना धातू कमी पडला तर सगळं काम वाया, मध्येच थांबून अजून वितळवता येत नाही.

४ डिसेंबर

मूर्ती दुसऱ्या घरात गेली, टोपलीत, मऊ कापडात, दाइ स्वतः घेऊन गेले.

पहिला थर अगदी बारीक माती आणि शेण, वस्त्रगाळ, पातळ. मूर्ती त्यात बुडवतात आणि वरून ओततात, आतल्या पोकळीतसुद्धा. हा पहिला थरच सगळं ठरवतो, कारण तांबं पुढे याच्याच अंगाला चिकटून बसणार, हार, पापणी, बोटाचं नख जे काही मेणात आहे ते या मातीने जसंच्या तसं पकडलं पाहिजे. बुडबुडा राहिला तर तिथे तांब्याची गाठ येते. माती लावणाऱ्या काकूंनी बोटांच्या बेचक्यांत ब्रशने फुंकर मारत मारत माती घातली, मी बघत होते तोवर त्यांनी मान वर केली नाही. मग सावलीत वाळवायचं. उन्हात नाही, मेण वितळेल.

दुसरा थर थोडा जाड, आणि शेवटी भाताचं तूस घातलेली रेताड माती, हाताने थापायची. तूस भट्टीत जळून जातं आणि मातीत बारीक भोकं राहतात, त्यातून वाफ निघते. आतला मातीचा गाभा बाहेरच्या मातीला धरून राहावा म्हणून मेणातून आरपार लोखंडी खिळे घातलेत. मेण गेल्यावर गाभा त्या खिळ्यांवरच राहतो, नाहीतर तो एका बाजूला टेकणार आणि तांब्याला मोठं भोक पडणार.

१६ डिसेंबर

वाळतंय. सकाळी दुपारपर्यंत धुकं, हवा दमट, घाई करण्यात अर्थ नाही. पावसाळ्यात हे काम किती रखडतं ते सगळेच सांगतात.

मधल्या वेळात पाटण म्युझियम. जुन्या राजवाड्याच्या केशव नारायण चोकातलं, १९९७ साली सुरू झालेलं. तिथे ओतकाम आणि पत्रा ठोकून मूर्ती करण्याची पद्धत अशा दोन्ही गोष्टी टप्प्याटप्प्याने मांडून दाखवल्यात. इकडे येणाऱ्याने ती खोली आधी बघावी आणि मगच दुकानात शिरावं असं माझं ठाम मत झालंय, कारण एकदा ते बघितलं की मूर्ती हातात घेताना आपण आपोआप उलटी करून आत बघतो.

अरनिको या जुन्या नेवार कारागिराबद्दल इथे सगळ्यांनाच बोलायला आवडतं आणि का नाही आवडणार. १२४५ साली जन्म, १२६० मध्ये मंगोल सम्राट कुब्लाई खानासाठी तिबेटात सोन्याचा स्तूप बांधायला नेपाळमधून ८० कारागीर गेले त्यांचा म्होरक्या हा, विशीही गाठली नव्हती. तिथून थेट खानाच्या दरबारात. बेजिंगमधला पांढरा स्तूप त्याचाच, १२७९ मध्ये पूर्ण झाला, अजून उभा आहे. १३०६ ला तो तिकडेच वारला. त्या ८० मधल्या बाकीच्यांची नावं मात्र कुणाच्या तोंडी नाहीत.

२८ डिसेंबर

ओतायचा दिवस. पहाटेपासून.

आधी मेण काढलं. साचा तापवला, भोक खाली केलं, मेण वितळून खालच्या भांड्यात आलं, ते परत वापरतात. एवढ्या दिवसांचं दाइंचं कोरीवकाम दोन-चार मिनिटांत भांड्यात. दाइ तिथेच उभे होते, त्यांना काही वाटलं नाही, मलाच वाटलं. आता आत तारेच्या आकाराची रिकामी जागा आहे फक्त. म्हणूनच या पद्धतीने केलेली प्रत्येक मूर्ती एकुलती एक असते, मेणही गेलं आणि ओतल्यावर साचाही फोडायचा.

मग साचा भट्टीत, लालभडक होईपर्यंत. गार साच्यात तांबं ओतलं तर बोटांच्या टोकांपर्यंत पोचायच्या आधीच ते थिजेल. दुसऱ्या भट्टीत मुशीत तांबं. तांबं १०८५ अंश सेल्सिअसला वितळतं पण ओतायला त्याहून बरंच जास्त तापवावं लागतं. पितळ याहून सोपं, जस्तामुळे लवकर वितळतं, सहज वाहतं, स्वस्त मूर्ती पितळेच्या त्याचमुळे. तांबं जाडसर वाहतं, हवा धरून ठेवतं, त्रास देतं, तरी जुन्या नेवार मूर्ती बहुतेक जवळजवळ शुद्ध तांब्याच्याच आहेत आणि त्याला कारण सोनं आहे. पाऱ्याने सोनं चढवायचं तर मिश्रधातूतलं शिसं आड येतं, डाग पडतात. म्हणजे शेवटच्या टप्प्याची गरज पहिल्या टप्प्यात ओळखून धातू निवडलेला, आणि हे शेकडो वर्षांपूर्वी.

भट्टीवाले दाइ ज्वाळेचा रंग बघत होते. कडेला हिरवट झाक आली, त्यांनी सळईने वरचा मळ बाजूला केला, आतलं तांबं आरशासारखं हललं, आणि मग कुणी काही बोललं नाही, तिघांनी साचा बाहेर काढून मातीत तोंड वर करून रोवला, चौथ्याने चिमट्याने मूस उचलली. धार एकसलग पाहिजे. थांबली तर जोड राहतो. दुसऱ्या नळीतून तांबं वर दिसलं तेव्हा थांबले. ओतायला पुरतं अर्धं मिनिटही लागलं नसेल.

२९ डिसेंबर

साचा फोडला. हातोडीने, बाहेरून आत, मोठी ढेकळं मग छोटी. जे निघालं ते बघून नवखा माणूस निराश होईल, काळं, खरखरीत, नळ्यांच्या जागी तांब्याचे दांडके, चेहऱ्यावर मातीचा पापुद्रा. पण पूर्ण आहे, बोटं सगळी आलीत, पुढचा पाय घोट्यासकट आलाय. पाठीत कमरेजवळ करंगळीच्या टोकाएवढं एक भोक आहे. ते तांब्याचा चौकोनी तुकडा बसवून ठोकून बुजवतात, जुन्या मूर्तींच्या पाठीवर नीट बघितलं तर असे चौकोन दिसतात.

१४ जानेवारी

छिन्नीकाम. आता मूर्ती तिसऱ्या घरी, आणि हे घर म्हणजे सगळ्या प्रकल्पाचा जीव आहे असं मी आता बिनदिक्कत म्हणेन. लोक सोनं बघून किंमत ठरवतात, पण मूर्तीचं खरं रूप इथे ठरतं.

कानस मारून नळ्यांच्या जागा सपाट केल्या, खिळे काढले, भोकं बुजवली. मग छिन्न्या. त्यांच्यासमोर पसरलेल्या, पन्नासेक तरी असतील, सगळ्या स्वतः घडवलेल्या, कुणाचं टोक गोल, कुणाचं चंद्रकोरीसारखं, कुणाचं अगदी सुईएवढं. जमिनीवर बसून मूर्ती लाकडाच्या ठोकळ्यावर ठेवून पायाने दाबून धरतात आणि दोन्ही हात मोकळे ठेवतात. प्रतिष्ठा होईपर्यंत ती धातूच आहे, त्यामुळे पाय लागण्यात काही वावगं नाही, हे त्यांनी आपणहून सांगितलं.

आज दिवसभर वस्त्राच्या काठावरची नक्षी चालली होती. नखाएवढ्या जागेत एक फूल, त्याला पाच पाकळ्या, पाकळीला शीर. छिन्नी तिरकी धरून टक टक टक, तांबं कापलं जात नाही तर सरकतं, बाजूला दबून उंच होतं. मेणात ही नक्षी नव्हतीच, नुसती पट्टी होती. मेणात एवढं बारीक केलं तरी मातीतून आणि आगीतून जाताना त्याची धार जाते, म्हणून बारीक काम तांब्यातच करतात. चांगली मूर्ती आणि बाजारू मूर्ती यात फरक ओळखायचा असेल तर चेहऱ्याकडे बघायच्या आधी काठाकडे बघावं, आणि पाठीकडे. पाठ भिंतीकडे जाणार असते. ज्याने पाठीवरच्या बटा सुद्धा एकेक करून मोकळ्या केल्यात त्याने पुढचं काम चोख केलेलंच असणार.

३० जानेवारी

चेहरा. हे काम ज्येष्ठ दाइ करतात, वय सत्तरीच्या पुढे, बाकीचं शरीर मुलाने आणि पुतण्याने केलंय. डोळ्यांची रेघ सकाळच्या उजेडातच मारतात, दुपारनंतर सावली बदलते. खालची पापणी सरळ, वरची धनुष्यासारखी, नजर खाली. वरच्या पापणीची रेघ मारायला त्यांनी सगळी मिळून दहा-बारा ठोके घेतले असतील पण दोन ठोक्यांमध्ये मूर्ती फिरवून फिरवून बघणं चाललं होतं. मग ओठांच्या कोपऱ्यात एकच टोचा. आणि ती हसली. किती वेळ मी तशीच बसून राहिले, लिहायचं सुचलंच नाही.

घरात नातू आहे, कॉलेजला जातो, कॉम्प्युटर शिकतोय. तो हे करणार का असं विचारल्यावर आजोबा म्हणाले त्याला डिझाइन येतं, हाताचं बघू. पैशाचं गणितही स्पष्ट आहे, छिन्नीकामाला आठवडेच्या आठवडे जातात आणि विक्रीच्या किमतीत मोठा वाटा सोन्याचा आणि दुकानदाराचा. हे बदलायला हवं. कमीत कमी दुकानदाराने मूर्तीसोबत एक कागद तरी द्यावा, मेण कुणाचं, ओतकाम कुणाचं, छिन्नी कुणाची.

११ फेब्रुवारी

मुलामा. मूर्ती आंबट पाण्यात धुतली, घासली, तांबं गुलाबी झालं. शुद्ध सोनं पाऱ्यात घोटून त्याचा लोण्यासारखा लगदा करतात, तो तांब्यावर चोळतात. सोनं लावतोय पण मूर्ती दिसते चांदीसारखी. मग आच द्यायची, पारा ३५७ अंशांना उकळतो, वाफ होऊन उडतो, सोनं तांब्याला धरून राहतं. करडी मूर्ती हळूहळू पिवळी होत जाते, कापसाच्या बोळ्याने सारखं थापत राहायचं. एका हातात सगळीकडे सारखं बसत नाही, परत लावायचं, परत आच. शेवटी अकीकाच्या दगडाने घोटलं की चमक.

आता जे लिहायचं ते स्पष्ट लिहिते. ही वाफ विष आहे. तिला रंग नाही, वास नाही, साधा कापडी मास्क तिला अजिबात अडवत नाही, पाऱ्यासाठीचं खास फिल्टर लागतं. हात थरथरणं, विसरणं, मूत्रपिंडं जाणं, हे सगळं तिच्याने होतं. ज्याच्या हाताच्या स्थिरपणावर ही कला उभी आहे त्याचाच हात ती घेते. या घरात आता धुरांडं आहे, मोठा पंखा आहे, फिल्टरवाला मास्क आहे, लहान मुलांना त्या गच्चीवर येऊ देत नाहीत, म्हणून मी इथे थांबले तरी, तीही लांबून. सगळीकडे असं नाही. विजेने मुलामा चढवण्याची पद्धत सुरक्षित आहे पण थर पातळ बसतो आणि गुंबांना तो चालत नाही. मला वाटतं ऑर्डर देणाऱ्यांनीच विचारायला हवं की मूर्तीवर सोनं कुठे चढवणार, तिथे धुरांडं आहे का, आणि त्याचे वेगळे पैसे द्यायला हवेत. पारा गार करून परत पकडणारी यंत्रं असतात, अवघड काही नाही, कुणीतरी खर्च उचलायचा प्रश्न आहे.

१९ फेब्रुवारी

चेहऱ्यावर वेगळं सोनं, सोन्याची पूड सरसात कालवून ब्रशने. हे घोटत नाहीत, त्यामुळे चेहरा मंद दिसतो आणि अंग चमकतं. मग डोळे, भुवया, ओठ, केसांना निळा रंग. तिबेटी गुंबांना असाच लागतो. नेवार लोक स्वतःच्या बहालांसाठी मूर्ती करतात तेव्हा वज्राचार्य पुरोहित दशकर्म करतात, माणसाच्या जन्मापासूनचे संस्कार असतात तसे देवतेचे, ते बघायला मिळालं तर वेगळी नोंद करेन.

२६ फेब्रुवारी

बौद्धचा गुंबा. मूर्ती उताणी ठेवली, बुडातून आत बघितलं तर तांब्याचा कच्चा रंग आणि ठोक्यांच्या खुणा. मधोमध लाल रंगवलेली लाकडी जीवकाठी, तिच्यावर मंत्र लिहिलेले. भोवती मंत्रांच्या गुंडाळ्या, केशराच्या पाण्याने पिवळ्या केलेल्या, डोक्यात कुठले, कंठाशी कुठले, छातीशी कुठले हे ठरलेलं. धान्य, धूप, सुगंधी लाकडाचा भुगा. रिकामी जागा राहू द्यायची नाही, हलवलं तर आवाज येता कामा नये, तरुण लामाने कानाशी धरून दोनदा तपासलं.

मग पत्रा. तांब्याचा, मापाने कापलेला, मधोमध विश्ववज्र, म्हणजे एकमेकांना छेदणारी दोन वज्रं, कोरलेलं. हा बसवायला पाटणहून छिन्नीवाल्या दाइंचा मुलगा आला होता. डिंक नाही, डाग देणं नाही. मूर्तीच्या कडेच्या तांब्याला छोट्या छिन्नीने आतल्या बाजूने टोचे मारून बारीक कंगोरे उचलतात आणि पत्र्यावर दाबतात, चहूबाजूंनी. जुन्या मूर्तीचे हे कंगोरे तुटलेले दिसले तर समजायचं की कुणीतरी आतलं काढलंय.

पुढचं काम: याच घराची एक मूर्ती परदेशी जाणार आहे, तिच्यासाठी पुरातत्त्व विभागाचा दाखला लागतो, १०० वर्षांपेक्षा जुनी मूर्ती देशाबाहेर नेता येत नाही म्हणून ही नवी आहे असं तिथे तपासून घ्यायचं. तारीख मिळाली की जाईन. आणि पत्रा ठोकून मूर्ती करणाऱ्या घराशी बोलणं झालंय, तिकडे चैत्रात सुरुवात.